वावरावरचा नकाशा

वकिलाच्या ऑफिसात माझ्या बाजूला एक तरुण आर्किटेक्ट आणि एक म्हातारी आपल्या नंबराची वाट पाहत बसले होते.

"तू काहून आला गा?"

"बिल्डरला टाउनशिपचा नकाशा काढून दिला, आजी. आता फी देऊन नाही राहिला."

"कुठची टाउनशिप?"

"हुडकेश्वरच्या पुढे, टाकीच्या मागे."

"ते तं माहं वावर होय. मलेही अर्धेच पैसे देल्ले त्यानं."

"मग दोघांची नोटीस सोबतच पाठवू."

"पाठवू. पण माह्या विहिरीच्या जागी काय काढलं तू?"

"विहीर होती? मला तर सपाट जमीन दाखवली."

"चिंचेपाशी होती."

"तिथे लहान मुलांसाठी स्विमिंग पूल काढला."

"उथळच ठेव मंग, बाबू. माही विहीर लय खोल होती."