फुली कुठल्या बाजूला

...किरकोळ म्हणे! हसू नका, तुम्हीही याच बाकावर मागून उघडा झगा घालून बसलाय. तुम्हाला सांगतो, मी शिंपी. तीस वर्षं मशीनवर वाकून मणका सरकला, डाव्या पायात अशा कळा की दुकान बंद करायची पाळी! डॉक्टर म्हणाले, "आता पूर्वीसारखं राहिलं नाही हो. पेनाएवढं भोक, आत कॅमेरा, समोर पडदा. गुंगीसुद्धा नाही, गप्पा मारत ऑपरेशन, संध्याकाळी चालत घरी. किरकोळ आहे!"

मग नर्सबाईंनी कागद दिला. पाठमोऱ्या माणसाचं चित्र. "एमआरआयमध्ये दोन्हीकडच्या नसा दाबलेल्या दिसतात, दुखतंय त्या बाजूला फुली मारा अन् सही करा." मारली! आता आम्ही शिंपी खडूची खूण कुठे करतो? कापडाच्या उलट्या बाजूला! सुलटं केलं की डावं ते उजवं... हाताला तीच सवय, डोक्याला विचारतोय कोण?

आत पालथं घातलं. पाठ बधिर, कान मात्र टक्क जागे! कर्रर्र... आपलंच हाड हो! डॉक्टर गुणगुणतायत, मध्येच म्हणतात, "हां, उजवी नस दिसली." उजवी? म्हटलं, "साहेब, डावी..." "हलू नका!" "अहो, पण पाय..." "बोलू नका, धक्का लागेल नसेला! किरकोळ आहे, झालंच!" आता सांगा, यावर तोंड उघडाल तुम्ही? मी नाही उघडलं. भ्यालो हो, सरळ भ्यालो! चांगली बाजू दुरुस्त होताना गप्प ऐकत पडलो...

नंतर जाब विचारला तर डॉक्टरांनी कागदच पुढे केला, "फुली उजवीकडे, सही तुमची!" बोला! आता उजवा पाय घोट्याखाली बधिर. पायडलवर पाय आहे की नाही ते वाकून बघावं लागतं, आणि वाकायचं नाही म्हणे! डावा? तो ठणकतोच.

म्हणून आज डावी बाजू. किरकोळ! पण तोही पाय असाच बधिर झाला तर मशीन चालवायचं कशानं?... या खेपेला मी पेनाला हातच लावला नाही. फुली बायकोकडून मारून घेतली. ही माझ्याच टेबलावर कटिंग करते, हात माझ्याहून पक्का. कागद आत गेल्यावर विचारलं, "डावीकडेच ना गं?" तर म्हणते, "अहो, आजपासून का कटिंग करतेय मी? नीट उलटवून मारलीय!"

...आलो हो, आलो. आणा ट्रॉली इकडे.