होटगीहून दोन दिशांना

“भांडा खुशाल, पण घरातला सोमवारचा दिवा चुकवू नका,” आई म्हणायची. तिचं दिवसकार्य उरकून, पुण्यात विज्ञान शिकवणारी सिद्धेश्वरी धाकटा भाऊ विरेश याच्याबरोबर होटगी स्टेशनात बसली होती.

“तू पुण्याला, मी हैदराबादला. दुप्पट वेगानं लांब जाऊ. बरंच हाय,” विरेश म्हणाला.

“विरेश, प्रकाशाच्या जवळपास वेगानं उलट्या दिशांना पळालो, तर अशी बेरीज होत नाही. तू मोजलेला माझा वेग प्रकाशापेक्षा कमीच भरतो.”

“म्हंजे काय, अक्का?”

“एकाचा दिवा दुसऱ्याला दिसतोच. उशिरा, अंधुक, पण दिसतो.”

“आई तीन वर्सं अंथरुणात होती. तुझा न्हाय दिसला.”

“आईच्या वळसंगच्या घराची किल्ली दे.”

“आज सोमवार म्हणून? लई लवकर आठवलं की.”

किल्ली बाकावर टाकून तो हैदराबादच्या गाडीत चढला. सिद्धेश्वरीनं किल्ली उचलली, पुण्याचं तिकीट पर्समध्ये सारलं आणि ती वळसंगच्या रिक्षाकडे चालू लागली.