बाल्कनी नसलेलं नाट्यगृह

मायबहिणींनो, भावांनो, भर उन्हात रस्त्यावर उभे राहिलात. शोकसभा आहे, पण मांडव नाही, खुर्च्या नाहीत. दुःख आहेच, पण किळस जास्त आहे.

मी शब्बीर. कौसल्याक्कासोबत उभी हयात नाटकात काम केलं. अक्का इथंच, लातूरच्या डाळ मिलमध्ये कामाला. समोरचं हे श्रमिक नाट्यगृह आपल्याच लोकांनी बांधलं. पाया हमालांनी खणला, दगड बायांनी वाहिला. इंजिनियर साहेबांनी नकाशात मालक लोकांसाठी बाल्कनी काढली होती. अक्कानं विचारलं, "साहेब, आमच्या डोक्यावर कोण बसणार हाय?"

साहेब हसले आणि बाल्कनी खोडली. जमीन मागं चढती ठेवली. मधे एकही खांब नाही. रंगमंचावरचा हुंदकाबी शेवटच्या बाकावर ऐकू यायचा.

मग नूतनीकरण आलं. काय केलं ह्या नाट्यगृहाच्या कमिटीनं? पाहुण्यांसाठी बाल्कनी बांधली! तिला आधार म्हणून बाकांच्या मधोमध खांब रोवले. उद्घाटनाला अक्काला बोलावलं, आणि बसवलं कुठं? खांबाच्या मागं.

भाषणं सुरू होती. अक्का उठली. "मला नुसता खांब दिसायलाय. आमचं नाट्यगृह कुठं हाय?"

माइक नव्हता. तरी सगळ्यांनी ऐकलं. बाल्कनीतून एकजण ओरडला, "त्या बाईला बाहेर काढा!" दंडाला धरून काढलं तिला. आपण सगळे उठलो, तिच्यामागं बाहेर आलो. पायरीवर बसून ती मला म्हणली, "शब्बीर, आवाज अजून पोचतो रे."

परवा ती गेली. थोडा वेळ तिला रंगमंचावर ठेवू द्या, म्हणून आम्ही कमिटीकडं गेलो. म्हणले, "मयत आत? हॉल खराब होईल."

खराब? जिनं दगड वाहिले, तिच्यानं खराब? थू असल्या तोंडावर!

आणि आज त्याच कमिटीनं हा हार पाठवलाय. बघा, केवढा मोठा! अक्काच्या फोटोला हा लागणार न्हाई. मी तो ह्या फाटकाला अडकवतो. अक्का न्हाई मेली; मेलंय ते आत.

अक्का, तुला जय भीम. तुला सलाम.

आता सगळ्यांनी गप्प उभं राहा. पण मान खाली घालू नका. त्या फाटकाकडं बघत उभं राहा.