शांतवनमामांची विहीर आणि प्रफुल्लाचा अर्ज

मंडळी, ऐका! आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तर स्वतःच्या मनाला विचारून द्यायचं, शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघून नाही! देवाच्या कामासाठी थोडंसं, अगदी चिमूटभर, खोटं बोललं तर चालतं का?

नाही? वा! सगळे एका सुरात 'नाही' म्हणालात. कान निवले माझे! मग गेल्या रविवारी उपासनेला का आला नाहीत असं पाळकांनी विचारल्यावर 'पाहुणे आले होते' असं कोण म्हणालं? राहू द्या, नाव घेत नाही. पाहुणे खरंच आले असतील! भाऊसाहेब, पेटीचा सूर द्या —

काठोकाठ नको घागर, असो ओंजळ खरी,
जसे आहे तसे देवा, उभे तुझ्या दारी!

तर ऐका. पिंपळदरा नावाचं गाव. पत्र्याचं छप्पर असलेलं छोटंसं देऊळ आपलं, चाळीस घरांची ख्रिस्ती मंडळी. तिथं राहायची प्रफुल्ला ओहोळ. वय एकोणतीस, बी.ए. झालेली, गावच्या दूध डेअरीत कामाला. काम काय? दुधाची फॅट लावायची, डिग्री बघायची. कुणी दुधात पाणी घातलं, की हिनं कॅन परत पाठवलाच! अख्खा गाव तिला टरकून असायचा. एकदा तर सख्ख्या मामाचा, शांतवनमामांचा, कॅन परत पाठवला हिनं! चारचौघांत! मामा दोन महिने बोलले नाहीत. मामी बोलायची, पण हळू!

या प्रफुल्लाच्या मनात एकच होतं — पाळक व्हायचं. त्यासाठी शहरातल्या धर्मशास्त्र महाविद्यालयात जायचं. बी.ए.नंतर तिथं चार वर्षं शिकायचं, मग मंडळी सांभाळायची. पण वयाची अट तीस! म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. आणलाच तिनं अर्ज. अकरा पानी! गुणपत्रिका जोडली, बाप्तिस्म्याचा दाखला जोडला, पाळकांचं शिफारसपत्र मिळालं. दहा पानं भराभर भरली आणि अकराव्या पानाशी गाडी अडली. वर छापलं होतं, 'आपल्या पाचारणाची साक्ष लिहा.' पाचारण म्हणजे देवाची हाक! कधी आली, कशी आली, ते लिहा. खाली पान कोरं.

प्रफुल्लानं लिहिलं, 'मला देवाचं काम करावंसं वाटतं.' पूर्णविराम! पुढं सुचेना. एवढ्यात आले शांतवनमामा. मामा मंडळीचे पंच होते. त्या पानाखाली पंचांची सही लागणार होती. त्यांनी चष्मा लावला, पान वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, ही साक्ष आहे का चिठ्ठी? साक्ष कशी पाहिजे? ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहिला पाहिजे! माझ्यासारखी!"

आता मामांची साक्ष कुणाला ठाऊक नव्हती, मंडळी? पंचक्रोशीत प्रसिद्ध! भर दुपारी दारू पिऊन मामा विहिरीत पडले, बुडता बुडता एक तेजस्वी हात दिसला, त्या हातानं वर ओढलं, आणि दारू सुटली. दरवर्षी उन्हाळी सभेत मामा उभे राहून सांगायचे. गंमत अशी की पहिल्या वर्षी विहीर तीन परस, म्हणजे तीन माणसं बुडतील एवढी, खोल होती. मग पाच झाली. यंदा आठ परस! दुष्काळात लोकांच्या विहिरी आटतात हो — मामांचीच तेवढी खोल जायची!

"पण मामा, मला असं काही झालंच नाही," प्रफुल्ला म्हणाली.

"झालं कसं नाही? शाळेत असताना तुला ताप आला होता ना?"

"दोन दिवस आला होता. गोळीनं उतरला."

"हां! तोच टायफॉईड! एकवीस दिवस! डॉक्टरांनी हात टेकले. पहाटे खाटेच्या पायथ्याशी पांढरा प्रकाश, अन् तीनदा नावानं हाक. लिही!"

चुलीपाशी आई होती. ती म्हणाली, "तिला कवा झाला टायफॉईड?" पण मग पोरीच्या तोंडाकडं बघून तीच म्हणाली, "लिही बाई. देवाच्याच कामाला चाललीयंस. तो काय रागावतोय व्हय?"

आणि मंडळी, प्रफुल्लानं लिहिलं! जगाच्या दुधातलं पाणी पकडणाऱ्या बाईनं आपल्या हातानं पाणी ओतलं! मामांनी खाली झोकात सही ठोकली. अर्ज गेला.

हसू नका! तुम्ही तिच्या जागी असता तर काय केलं असतं? सगळी उमर एका कोऱ्या पानावर अडलीय, आणि घरची वडीलधारी माणसं म्हणतायत 'लिही' — सांगा!

मुलाखतीचं बोलावणं आलं. त्या वर्षी मुलाखत आणि अर्जाची शेवटची तारीख एकाच दिवशी. संस्थेचा कारभार, आपण काय बोलणार? मामा सोबत गेले, कडक इस्त्रीचं धोतर नेसून. बाहेर बाकावर आणखी चार उमेदवार होते. एक जण डोळे मिटून पाठ करत होता, "...डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा पांढरा प्रकाश..." दुसऱ्याला प्रफुल्लानं हळूच विचारलं, "तुम्हालाही प्रकाश?" तो म्हणाला, "नाही नाही! मला नुसती हाक. तीनदा!" बघा! गावोगावी शांतवनमामा आहेत, मंडळी!

प्रफुल्लाला आत बोलावलं. टेबलामागं प्राचार्य सोनकांबळे सर आणि शेजारी चांदेकरबाई. बाईंची तीस वर्षं त्याच वर्गांत गेलेली, केस पिकलेले, नजर तीक्ष्ण. सरांनी अकरावं पान वाचलं आणि सुस्कारा सोडला. "सकाळपासून हा तिसरा प्रकाश," ते म्हणाले.

चांदेकरबाईंनी पानाकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, "काम काय करतेस गं तू?"

"दूध डेअरीत आहे, बाई. फॅट लावते."

"पाणी घातलेलं कळतं कसं?"

इथं प्रफुल्लाचा आवाज मोकळा झाला. घरचंच काम ना! "लॅक्टोमीटर सोडायचा, बाई. पाणी असलं की तो जास्त बुडतो, डिग्री कमी लागते. वरून दूध पांढरंच दिसतं, पण तो फसत नाही."

"मग काय करतेस?"

"परत पाठवते."

"ओळखीच्याचं असलं तर?"

"सख्ख्या मामाचं पाठवलंय!"

हे म्हणाली आणि तिची नजर टेबलावरच्या पानावर गेली. खाली मामांची झोकदार सही. एका बाजूला एकोणतीस वर्षांचं वय आणि तीसची अट, दुसऱ्या बाजूला ते पान. बोलली नसती तर काय बिघडलं असतं? कुणाला कळणार होतं?

प्रफुल्ला उठून उभी राहिली. मान वर, आवाज खणखणीत. "सर, ते पान परत द्या. त्यात पाणी आहे."

सर दचकले! "म्हणजे?"

"टायफॉईड झाला नाही. प्रकाश दिसला नाही. हाक आली नाही. लिहिलं मी, चूक माझी."

"खोटा मजकूर असेल तर अर्ज रद्द होतो. नियम आहे तसा," सर म्हणाले.

"करा सर. पण मुदत आज पाचपर्यंत आहे. आत्ता दोन वाजलेत. मला कोरा अर्ज द्या."

बघा बाईचा करारीपणा! चांदेकरबाई पुढं झुकल्या. "कोरा देऊ. पण हाकच आली नाही म्हणतेस, मग पाळक कशाला व्हायचं तुला?"

तेव्हा प्रफुल्लानं सांगितलं. आता नीट ऐका, पेटी थांबवा भाऊसाहेब.

"गावात शेवंताबाई वारल्या. सुईण होत्या. आमच्याकडं पाळक एक अन् गावं सात. त्यांची गाडी कुठं बंद पडली, येता येईना. ऊन डोक्यावर आलं, कबर खणून तयार. बायकांनी मागं लिंबाखाली थांबायचं, पुरुषांनी कबरीजवळ, अशी आमच्याकडं रीत. पुरुष एकमेकांकडं बघायला लागले. प्रार्थना कोण करणार? कुणी पुढं होईना. लेक म्हणाला, 'माझ्या आईला अशी मुकीच पुरणार का?' मग मीच गेले लिंबाखालून पुढं. एक वचन आठवेना, बाई! मी म्हणाले, 'देवा, ही शेवंताबाई. गावातलं प्रत्येक लेकरू हिनं पहिल्यांदा हातात घेतलं. आता हिला तू हातात घे.' एवढंच. हाक-बीक काही आली नाही. कुणीच पुढं झालं नाही, तेवढंच ऐकू आलं."

सरांनी चष्मा काढून पुसला. कोरा अर्ज पुढं सरकवला. म्हणाले, "जसं बोललीस तसंच लिही. पण पंचांची सही नवी लागेल."

बाहेर बाकावर बसून तिनं दोन तासांत अकरा पानं लिहिली. पान मामांपुढं धरलं. मामांनी वाचायला घेतलं आणि मंडळी, अर्ध्यातून मागं जाऊन पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले! का? अहो, त्या दिवशी कबरीच्या अगदी काठावर, हातात फावडं घेऊन, गप्प उभे होते ते शांतवनमामाच! आठ परस विहिरीची साक्ष सभेत गाजवणाऱ्या माणसाला तिथं एक शब्द सुचला नव्हता!

मामांनी पान मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "पोरी, ह्यात माझं नाव नाही घातलंस."

"त्याची काय गरज आहे, मामा?"

मामांनी सही केली. या खेपेला झोक नव्हता, साधी सही. पाचला दहा मिनिटं कमी असताना अर्ज आत गेला. आणि प्रवेश? मिळाला! त्या पाचांत पहिलं नाव तिचं लागलं. आज ती तीन गावांची पाळक आहे, आणि तिच्या गावांत बायका लिंबाखाली उभ्या राहत नाहीत.

आता मामांचं सांगतो. त्या मुलाखतीनंतरच्या उन्हाळ्यात सभा भरली. मामा साक्षीला उठले. लोक सरसावून बसले, यंदा दहा परस असणार! मामा म्हणाले, "बंधुभगिनींनो, विहिरीत पाणी गुडघ्याएवढं होतं. मी चिखलात बसून रडत होतो. मोट हाकणाऱ्या महादूनं हात दिला. पण त्या दिवसापासून दारूला शिवलो नाही, हे मात्र खरं." असं म्हणून खाली बसले. आणि मग, मंडळी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या साक्षीवर खऱ्या अर्थानं लोकांचे डोळे भरले. खोल विहिरीनं टाळ्या मिळवल्या होत्या. गुडघाभर पाण्यानं माणसं रडवली!

तर आता मला सांगा, मघाचा प्रश्न. चालतं का? काय हो, आता का गप्प? मघा तर सगळे ओरडून 'नाही' म्हणालात! ए, मागच्या बाकावरचे, खाली बघू नका, मी काही लॅक्टोमीटर आणलेला नाही! पण तो वर बसलाय त्याच्याजवळ आहे. त्याला आपलं दूध थोडं असलेलं चालतं. पावशेर आणा, पण गाईनं दिलंय तेवढंच आणा. आणि उद्या कुठं माणसं घोळक्यानं उभी असतील, पुढं कुणी होत नसेल, तर आकाशातून नावानं हाक यायची वाट बघत बसू नका. ती शांतता कानावर पडली ना? तेवढं पाचारण पुरे!

भाऊसाहेब, उचला सूर. मंडळी, आता म्हणा माझ्याबरोबर. आणि ज्याला म्हणवत नसेल त्यानं खोटं खोटं ओठ हलवू नयेत —

काठोकाठ नको घागर, असो ओंजळ खरी,
जसे आहे तसे देवा, उभे तुझ्या दारी!