मुठीलगतची नळी

चेकियातल्या ब्र्नो शहराच्या नेमबाजी क्लबात स्पर्धेच्या नावनोंदणीच्या रांगेत माझ्यापुढे पासष्टीच्या ब्लाझेनाबाई होत्या. टेबलामागे चिटणीस राडोवान.

"ब्लाझेनाबाई, मनगट मोडून वर्ष नाही झालं. यंदा प्रेक्षकांत बसा."

"मनगट माझं आहे. तू नाव लिही."

"गेल्या खेपेला दर गोळीला पिस्तुलाचं तोंड छताकडे जात होतं!"

"ते क्लबचं पिस्तूल होतं, तू गळ्यात मारलेलं. त्याची नळी मुठीच्या फार वर. गोळी सुटली की धक्क्याने मनगट मागे मुरगळतं."

"आणि हे?" त्याने बाईंनी घरून आणलेल्या पिस्तुलाकडे बोट केलं.

"ह्याची नळी मुठीला जवळजवळ टेकलेली. धक्का सरळ हातात येतो, तोंड फारसं उचलत नाही."

"नळी खाली आली म्हणून वय खाली येत नाही."

"अर्जात वयाची अट आहे का? दाखव."

"अट नाही. पण आधी पाच गोळ्या मारून दाखवा. पाचही काळ्या वर्तुळात हव्यात."

बाई आत गेल्या, मागोमाग राडोवान. पाच बार लागोपाठ ऐकू आले. निशाणाचा कागद घेऊन राडोवान बाईंसोबत परतला.

"एक काठावर आहे."

"काठाला लागली की आत धरायची. नियम तूच वाचून दाखवतोस."

"बरं बाई. ज्येष्ठांच्या गटात लिहू?"

"खुल्या गटात लिही. तू त्यातच आहेस ना?"