आधी नळ, मग मुलगा

बसच्या रांगेत पुढच्या दोघी मैत्रिणी बोलत होत्या आणि मागच्या शिंप्यानं कान टवकारले होते.

“टँकरच्या वस्तीत नांदणार नाही, म्हणाली होती ना ती मुलगी?”

“हो. आता धरणाची पाइपलाइन आली, म्हणून पुन्हा बोलावलं. आल्या आल्या तिनं आधी नळ सोडून पाहिला, मग माझ्या मुलाकडे पाहिलं.”

“भलतीच पोचलेली! मग?”

“‘सांडपाणी कुठं जातं?’ म्हणाली. हा लगेच नवं गटार दाखवायला घेऊन गेला.”

“पाहायला आलेल्या मुलीला गटार? अगं बाई!”

“तासभर दोघं परतेनात. माझा जीव टांगणीला!”

बस आली. दोघी चढल्या नाहीत; मग शिंपीही चढला नाही.

“आल्यावर काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘आई, गच्चीवरची पाण्याची पिंपं काढा. मला तिथं बाग करायचीय.’”

“आई म्हणाली?”

“आई म्हणाली गं!”