जनकोजीमामांच्या देखत

[मद्रास, १९९१. कोर्टाचा व्हरांडा. शाळेच्या गणवेशातली तुळजा, तिचे वडील अप्पा आणि हातात बेडी असलेला थोरला भाऊ व्यंकट. पोलीस जरा लांब उभा.]

तुळजा : पण अप्पा, वक्कीलबाईंनी किती सोपं करून सांगितलं! मॅजिस्ट्रेट विचारतील, 'ब्राउन शुगर घेतोस का?' अण्णानं म्हणायचं, 'होय, सुटत नाही, उपचार करा.' की तुरुंगाऐवजी हॉस्पिटल! वादविवादात ढाल मिळवलीय मी, मला एवढं कळतं हो.

अप्पा : हळू बोल. आंत जनकोजी आहेत.

तुळजा : असू देत. क्लार्कच ना ते, साहेब सांगतील ते टाइप करतील.

अप्पा : तुझ्या भवानीअक्काचें स्थळ त्यांनींच आणिलें. मद्रासेंत आपलीं तंजावरचीं घरें किती? सांजेच्या आंत सगळ्यांस कळेल. व्यंकट, तूं म्हणावें, मी शिवतहि नाही. कोणा मित्रानें पुडी ठेवण्यास दिली.

तुळजा : अय्यो! मग तो विकणारा ठरेल, अप्पा! जो घेतच नाही त्याला हॉस्पिटल कशाला देतील? वर्षानुवर्षं आत टाकतील.

अप्पा : टाकोत. निरपराध मुलगा अडकला, हें चारचौघांत सांगतां येतें. तें दुसरें कसें सांगूं?

व्यंकट : तुळजा, रुमाल दे ग. नाक थांबत नाही.

तुळजा : घे. बाई ग, एवढ्या उन्हात कसा कुडकुडतोयस! अण्णा, तूच सांग, तुला काय हवं?

व्यंकट : झोप. हॉस्पिटलात झोपेचं काहीतरी देतात म्हणे.

तुळजा : मग तसं बोल की!

व्यंकट : अप्पा... बोलू?

अप्पा : हे पाहा, बाप हात जोडितो तुला.

व्यंकट : नका जोडू. बेडीमुळे मला धरताही येत नाहीत ते.

तुळजा : पुकारा झाला! अण्णा, 'होय' म्हण. एवढंच. होय!

*

तुळजा : तीनदा विचारलं साहेबांनी. शेवटी तर पेन खाली ठेवलं. अन् अण्णा तिन्ही वेळा तुमच्याकडे बघून 'नाही' म्हणाला. नेलं त्याला तुरुंगात.

अप्पा : शब्द राखिला त्यानें.

तुळजा : जनकोजीमामा जिन्यात भेटले.

अप्पा : काय म्हणाले? स्थळाचें कांहीं?

तुळजा : डोळे पुसत होते. म्हणाले, 'असं का ग म्हणाला तो? आमचा सुब्बा गेल्या वर्षी त्याच हॉस्पिटलात होता. मीच डबा न्यायचो. आता बरा आहे, बँकेत जातो.'

अप्पा : सुब्बा? त्यांचा मुलगा तर दिल्लीस होता. नोकरीस गेला म्हणोन जनकोजींनीं स्वतः मला सांगितलें.

तुळजा : हो. आपल्याला तसंच सांगितलं होतं त्यांनी.

[अप्पा पायरीवर बसतात.]

तुळजा : अप्पा, उठा. बस जाईल. कोपऱ्यावरची फुलवाली विचारेल, अण्णा दिसत नाही म्हणून. निरपराध अडकला, असंच सांगू ना?

अप्पा : नको.

तुळजा : मग काय सांगू?

अप्पा : दिल्लीस गेला म्हण.